मैहरचा वाद्यवृंद आणि उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची तालीम

मुलांचा वाद्यवृंद आणि तो घडविणारा शिक्षक असा विषय निघाला की आजकाल बहुधा व्हेनेझुएलाचे उदाहरण दिले जाते. होसे अँतोनियो अब्रेऊ यांनी १९७५ मध्ये काराकास येथे सुरू केलेल्या उपक्रमातून गरीब वस्त्यांतील मुले वादक झाली, हे खरेच आहे. परंतु त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी बघेलखंडातील मैहर या लहानशा संस्थानात एका मुसलमान उस्तादाने अनाथ मुलांच्या हाती वाद्ये दिली होती. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नाव सांगताना अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, रविशंकर या शागीर्दांची नावे लगेच येतात. 'मैहर बँड'चा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला जातो. हा त्या मुलांवर आणि खुद्द उस्तादांवरही अन्याय आहे.

अल्लाउद्दीन खाँ मूळचे पूर्व बंगालचे. ब्राह्मणबाडिया भागातील शिबपूर हे त्यांचे गाव आज बांगलादेशात आहे. त्यांच्या जन्मवर्षाविषयी १८६२ आणि १८८१ असे दोन पक्ष आहेत; त्यांच्या पुढील आयुष्याचा क्रम पाहता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. लहानपणीच घर सोडून ते कलकत्त्यास गेले. तेथे नुलो गोपाल यांच्याकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली आणि गुरूंच्या निधनानंतर ते गळ्याकडून वाद्यांकडे वळले. वाद्यवृंदाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील हाच काळ महत्त्वाचा आहे. स्वामी विवेकानंदांच्या नात्यातील अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. त्यांच्याकडे खाँसाहेब अनेक वाद्ये शिकले. पाश्चात्त्य पद्धतीची व्हायोलीन त्यांनी लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्टरकडे घेतली.

या लोबोंविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलीन वाजवायला शिकवीत. तेथून बाहेर पडलेले वादक मुंबई, कलकत्ता आणि अनेक संस्थानांच्या बँडमध्ये नोकरीस लागले. संस्थानी बँडचा इतिहास लिहिताना राजांची नावे येतात, या गोमंतकीय मास्तरांची क्वचितच येतात. मैहरच्या मुलांपर्यंत जी व्हायोलीन पोहोचली तिच्या वाटेवर गोव्यातील एक शिक्षक उभा आहे, एवढे तरी नोंदले पाहिजे.

पुढे अहमद अली खाँ यांच्याकडे सरोद, आणि रामपूर येथे तानसेनाच्या परंपरेतील वजीर खाँ यांच्याकडे दीर्घ तालीम झाली. रामपूरच्या नवाबांच्या वाद्यवृंदातही त्यांनी वाजविले. म्हणजे १९१८ च्या सुमारास ते मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी आले तेव्हा रागदारीचे ज्ञान आणि समूहवादनाचा अनुभव, दोन्ही त्यांच्यापाशी होते. असा योग त्या काळी फार थोड्यांच्या ठिकाणी होता.

त्याच सुमारास, महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हणून लक्षात राहिलेल्या १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीने देशभर घरेच्या घरे ओस पाडली. मैहरमध्येही कित्येक मुले पोरकी झाली. राजाच्या पाठिंब्याने खाँसाहेबांनी अशा मुलांना जमविले. त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, मुलांबरोबर मुलीही होत्या. दरबारी गवयाच्या घराण्यात जन्मलेले त्यांच्यापैकी कोणी नव्हते. घराण्याची विद्या घरातच ठेवण्याचा तो काळ. वजीर खाँ यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतः अल्लाउद्दीन खाँ यांना काय काय सोसावे लागले याच्या कथा प्रसिद्धच आहेत. ज्याला विद्येसाठी दारोदार फिरावे लागले त्याने ती दारात आलेल्या पोरक्या पोरांना दिली, यात त्यांच्या स्वभावाची एक बाजू दिसते. त्यांचा राग आणि शिष्यांना होणारी मारझोड यांच्या आठवणीही विपुल आहेत, आणि त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही.

वाद्यांची जुळवाजुळव पाहण्यासारखी आहे. सतार, सरोद, इसराज, व्हायोलीन, चेलो, हार्मोनियम, क्लॅरिनेट, तबला आणि ढोलक एकाच मंडळात बसविले गेले. सतार आणि बँजो यांच्या मिश्रणातून 'सतार-बँजो' तयार झाले. सर्वांत विलक्षण वाद्य म्हणजे 'नलतरंग'. बंदुकीच्या पोलादी नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून, चौकटीवर ओळीने बसवून, काठ्यांनी वाजवायच्या. नळी जितकी आखूड तितका स्वर उंच, हे त्यातील साधे तत्त्व. जलतरंगातील पाण्याप्रमाणे येथे स्वर हलत नाही, त्यामुळे दरवेळी मिळवण्याची कटकट नाही; आणि नळ्यांचा नाद इतर वाद्यांच्या वरून ऐकू येतो. मुलांच्या वाद्यवृंदाला हे दोन्ही गुण उपयोगी पडणारे होते.

परंतु खरा प्रश्न शिकविण्याचा होता. बहुतेक मुलांना अक्षरओळखही नव्हती. पुढे कागद ठेवून वाजविणारे वादक खाँसाहेबांनी कलकत्त्यात जवळून पाहिले होते, तरी मैहरमध्ये त्यांनी तो मार्ग धरला नाही. सरगम तोंडाने म्हणवून घ्यायची, ती कानात बसली की वाद्यावर काढायची, आणि पक्की झाली की इतरांबरोबर मिळवायची, अशी तालीम होती. रचना लहान असत. रागदारीतील गती होत्या, लोकधुना होत्या आणि विलायती वळणाच्या चालीही होत्या. वेगवेगळ्या वाद्यांना वेगवेगळे तुकडे वाटून देणे, मग सर्वांनी एकत्र उठणे, यातून रंग भरला जाई. युरोपीय वाद्यवृंदात संचालक हातातील छडीने मात्रा दाखवितो. येथे ते काम तबल्याचे. त्यामुळे संचालकाचे सारे श्रम मैफलीपूर्वीच संपलेले असत. मैफलीत मुले एकमेकांना ऐकून वाजवीत.

या पद्धतीचे मोल आणि तिची मर्यादा समजण्यासाठी वडोदऱ्याकडे पाहावे लागते. तेथे मौलाबख्श (१८३३–१८९६) यांनी सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. संस्थानच्या खर्चाने चालणाऱ्या या शाळेत संगीत हा शाळेत शिकण्याचा विषय झाला. मौलाबख्श यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि तीत पुस्तके छापली. त्यांचे चिरंजीव डॉ. अल्लाउद्दीन खाँ पठाण लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आले. नामसादृश्यामुळे मैहरच्या उस्तादांशी त्यांची गल्लत होते, ती टाळावी. नातू इनायत खाँ पुढे सूफी विचारांचे प्रसारक म्हणून पश्चिमेत प्रसिद्ध झाले. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये वडोदऱ्यासच भरली. गायनशाळेची परंपरा आजही तेथील विद्यापीठाच्या संगीतविभागात चालू आहे.

म्हणजे एका उस्तादाने विद्या कागदावर आणली, दुसऱ्याने ती पोरांच्या कानांवर सोपविली. कागदाचा पक्ष जिंकला असे म्हणावे तर मौलाबख्शांची स्वरलिपी भातखंडे आणि पलुसकर यांच्या पद्धतींपुढे मागे पडली आणि आज ती वाचणारे विरळा. कानाचा पक्ष जिंकला म्हणावे तर मैहरच्या पहिल्या पिढीतील एकेक वादक गेला तशा त्याच्या स्मरणातील रचनाही धोक्यात आल्या. एखादी चाल दहा जणांत वाटलेली असेल तर एकाच्या जाण्यानेही तिला भोक पडते. एकल वादकाच्या घराण्याला हे संकट या रूपात भेटत नाही. म्हणूनच अल्लाउद्दीन खाँ यांचा सरोद जगभर गेला आणि बँड मैहरमध्येच राहिला.

त्याची कल्पना मात्र बाहेर पडली. तिमिर बरन हे सरोदिये मैहरमध्ये शिकले, नंतर त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद बांधला आणि १९३० पासून उदयशंकर यांच्या नृत्यमंडळीस संगीत दिले. त्यांच्यानंतर तेच काम पलुसकरांचे शिष्य विष्णुदास शिराली यांनी केले. खाँसाहेब स्वतः १९३५ मध्ये या मंडळीबरोबर युरोपात गेले. रविशंकर यांनी १९४९ ते १९५६ या काळात दिल्ली आकाशवाणीवर वाद्यवृंद चालविला आणि १९५६ मध्ये ती जबाबदारी बासरीवादक पन्नालाल घोष यांच्याकडे आली. तेही १९४७ पासून अल्लाउद्दीन खाँ यांचे शागीर्द. आकाशवाणीच्या या वाद्यवृंदामागे मैहरच्या पोरक्या मुलांची सावली आहे, हे संगीताच्या इतिहासात पुरेसे सांगितले गेलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि बँड सरकारच्या आश्रयास आला. मैहरमध्ये संगीत महाविद्यालय निघाले आणि बँड त्याच्याशी जोडला गेला. पोरक्या मुलांचे मंडळ आता नेमणूक झालेल्या वादकांचे झाले. खाँसाहेबांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पाच वेळा नमाज पढणारे आणि शारदामाईच्या टेकडीवरही श्रद्धेने जाणारे 'बाबा' ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथेच निवर्तले. सतना जिल्ह्यातील मैहर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. तेथे त्यांच्या नावाच्या समारोहात बँड वाजतो, नलतरंगासह. ज्यांच्यासाठी तो बांधला गेला त्या पहिल्या मुलामुलींपैकी बहुतेकांची चरित्रे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.