आवक नोंदली, तरच जावक : सॉफ्टवेअर चढवण्या-उतरवण्याचा इतिहास

#थ्रेड

१/ संगणकावर सॉफ्टवेअर चढवणे सोपे, पण ते मागमूस न ठेवता उतरवणे अवघड, असे का? या प्रश्नाचे उत्तर यंत्रात कमी आणि दप्तरात अधिक सापडते. कमांड लाइनवरच्या विदा-विश्लेषणाच्या साधनांचा, विशेषतः ‘आर’ या भाषेचा, इतिहास त्या दृष्टीने पाहू.

२/ आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. युनिक्स ही कार्यप्रणाली तिथलीच. १९७६ मध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी तिथे ‘एस’ या सांख्यिकी भाषेचे काम हाती घेतले. १९७७ मध्ये ‘ऑक’ आली. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिच्या तीन कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचे, अशी ही रीत होती.

३/ त्या काळी सॉफ्टवेअर चुंबकीय फितींवरून प्रवास करी. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील ‘टार’ हे नाव ‘टेप आर्काइव्ह’चेच लघुरूप आहे. फीत उलगडायची, सोर्स कोड कंपाइल करायचा, मग स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये रचलेल्या ‘मेक’ला ‘इन्स्टॉल’ अशी आज्ञा द्यायची. मुख्य प्रोग्राम एका फोल्डरात, लायब्ररी दुसऱ्या, तर माहितीपत्रके तिसऱ्या फोल्डरात जाऊन बसत.

४/ अडचण इथेच होती. कोणती फाइल कुठे ठेवली, याची नोंद संगणक स्वतःहून ठेवत नसे. काही कर्ते ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय करीत, पण ती सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. शिवाय बहुधा त्यासाठी मूळ सोर्सचा फोल्डर जपून ठेवावा लागे. आवक झाली, पण वहीत चढली नाही. मग जावक कशाच्या आधारे करणार?

५/ ही वही घातली ती पॅकेज व्यवस्थापकांनी. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प जाहीर केला. त्याचा ‘डीपीकेजी’ प्रत्येक पॅकेजने आणलेल्या फाइलींची यादी जतन करतो. काढण्याचेही त्यात दोन प्रकार आहेत : ‘रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण वापरकर्त्याने बदललेल्या मांडणीच्या फाइली राहतात, ‘पर्ज’ने त्याही जातात.

६/ पुढचा पेच परावलंबनाचा. एका पॅकेजला चालण्यासाठी दुसरी चार लागतात. १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत आलेला ‘ॲप्ट’ ती आपोआप आणू लागला. पुढे ‘मागवलेले’ आणि ‘सोबत आलेले’ यांचीही वेगळी नोंद होऊ लागली. म्हणूनच यजमान गेल्यावर निष्कारण उरलेले पाहुणे ‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेने निरोप घेतात.

७/ आता ‘आर’कडे येऊ. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती ‘एस’च्या धर्तीवर रचली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली खुली झाली. १९९७ मध्ये कुर्ट हॉर्निक आणि फ्रीडरिश लाइश यांनी व्हिएन्नात ‘क्रॅन’ हे तिच्या पॅकेजांचे भांडार उभे केले.

८/ ‘आर’मधून पॅकेज चढवले की त्याला आवश्यक असलेली इतर पॅकेजेही येतात, उतरवताना मात्र केवळ नाव घेतलेले जाते. इतकेच नव्हे, तर ‘ॲप्ट’ने संपूर्ण ‘आर’ काढली, तरी वापरकर्त्याने आपल्या होम फोल्डरात घेतलेली पॅकेजे तशीच राहतात. कारण ती ‘ॲप्ट’च्या वहीत कधी चढलीच नव्हती. एकाच घरात दोन कारकून आणि दोन वह्या!

९/ हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. संशोधनातील आकडा पुन्हा पडताळायचा, तर तो कोणत्या आवृत्तीने काढला हे ठाऊक हवे. ‘क्रॅन’ने हे ओळखले आहे. चालू यादीतून वगळलेली पॅकेजे आणि जुन्या आवृत्त्या त्याच्या अभिलेखात राहतात. तिथे वगळणे म्हणजे नष्ट करणे नव्हे.

१०/ म्हणून जुने सॉफ्टवेअर उतरवण्यापूर्वी ‘आर’मध्ये ‘सेशन-इन्फो’ ही आज्ञा जरूर द्यावी. त्या वेळी वापरात असलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्या ती सांगते. तेवढी यादी निष्कर्षांसोबत जपून ठेवावी. साधन गेले तरी हरकत नाही, ते कोणते होते याची नोंद राहिली पाहिजे. उद्या आपला आकडा तपासणाऱ्याच्या हाती तोच एक पुरावा असेल.