रत्नागिरीची माडी : एका धंद्याचा इतिहास

मद्य जिथे तयार होते त्या जागेला भेट देऊन ते करणाऱ्या माणसांची कहाणी ऐकण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळली ती नारायणगाव आणि नाशिक या दोन ठिकाणांमुळे. नारायणगावची शामराव चौगुले यांची इंडेज, 1999 मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुरू केलेली सुला आणि राज्य सरकारचे 2001चे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण, यांच्यामागोमाग वाइनरी, म्हणजे फळांच्या रसापासून वाइन करण्याचा कारखाना, हे सहलीचे ठिकाण झाले आणि तिच्या मालकाची जिद्द हा मासिकांतल्या लेखांचा आवडता विषय झाला. रत्नागिरीला द्राक्ष मानवत नाही. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पिणारी जांभ्याची ही भूमी आंब्याची, काजूची आणि माडाची आहे. मद्य करण्याचा धंदा मात्र येथे वाइनरीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे, आणि त्याची कागदपत्रेही थोडीथोडकी नाहीत. फरक एवढाच की त्या कागदांत झाडांची, दुकानांची आणि महसुलाची मोजदाद बारकाईने केलेली आढळते, तर मद्य काढणारा माणूस केवळ त्याच्या जातीच्या नावाने येतो.

येथे रत्नागिरी म्हणजे जुना जिल्हा समजायचा आहे. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत मालवण व वेंगुर्ले हे भाग रत्नागिरीतच मोडत होते, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांच्यावरील 1880चा खंड किनाऱ्याचा हा सारा पट्टा एकत्र धरूनच लिहिलेला आहे. या पट्ट्यात मद्याचे मुख्य झाड माड, म्हणजे नारळाचे झाड, हेच राहिले. माडाच्या रसाला माडी म्हणतात, ताडाच्या रसाला ताडी, आणि आंबण्याआधीच्या ताज्या गोड रसाला नीरा. रानात वाढणाऱ्या भेरली माडापासूनही माडी काढली जाई, परंतु धंद्याचा कणा खाडीकाठच्या आणि पुळणीलगतच्या बागायती माडांचा होता.

माडी काढण्याची क्रिया दिसायला साधी असली तरी तिच्यात कसब पुष्कळ आहे. माडाला पोय येते, म्हणजे फुलोऱ्याला झाकणारे लांबट आवरण धरते. ती उमलण्यापूर्वीच तिला वरपासून खालपर्यंत घट्ट आवळून बांधतात, लाकडाच्या लहान ठोकणीने रोज हलक्या हाताने सर्व बाजूंनी ठोकतात आणि काही दिवसांनी तिचे टोक धारदार रुंद पात्याच्या हत्याराने कापतात. ठोकणे जोराचे झाले तर आतला फुलोरा चेचला जातो, आणि कमी पडले तर रस सुटत नाही, त्यामुळे हे काम हातालाच कळावे लागते. रस ठिबकू लागला की पोयीच्या तोंडाशी मडके किंवा सुकवून पोखरलेला दुध्या भोपळा बांधतात, सकाळ-संध्याकाळ रस उतरवतात आणि प्रत्येक खेपेला टोकाचा पातळ काप काढून जखम ताजी ठेवतात, कारण ती सुकली की रस थांबतो. खोडात पाय टेकण्यापुरत्या खाचा पाडलेल्या असतात. कमरेला हत्यार आणि भोपळा बांधून पन्नास-साठ फुटांवर दिवसातून दोन-तीनदा चढायचे, आणि असे एक नव्हे तर अनेक माड, हा माडी काढणाऱ्याचा रोजचा नेम. मडक्याला आतून चुना फासला तर रस आंबत नाही व नीराच राहते; चुना नसेल तर हवेतले आणि मडक्यात आधीपासून मुरलेले किण्व, म्हणजे साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे सूक्ष्म जीव, झाडावरच कामाला लागतात आणि दिवसभरात रसात बेताचा मद्यार्क तयार होतो. द्राक्षाची वाइन महिनोन्‌महिने मुरवत ठेवावी लागते. माडी त्याच दिवशी प्यावी लागते, दुसऱ्या दिवशी ती आंबूस लागते आणि पुढे तिचा सिरका होतो. तिला साठवता येत नाही आणि लांब पाठवता येत नाही, ही गोष्ट तिच्या इतिहासात फार महत्त्वाची ठरली.

अर्थकारणाची गाठही याच क्रियेत आहे. जी पोय माडीसाठी बांधली तिला नारळ धरत नाहीत, म्हणून बागायतदार, मग तो खोत असो वा साधा कुळवाडी, आपला माड माडीसाठी देताना नारळांच्या उत्पन्नाचा हिशेब करूनच मोबदला ठरवी. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला, गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. जमीन एकाची, झाडावर हक्क दुसऱ्याचा आणि चढण्याचे कसब तिसऱ्याचे, अशा या व्यवस्थेत तिसऱ्याच्या वाट्याला येणारा हिस्सा प्रथेने ठरे, आणि प्रथेला कागद लागत नसल्यामुळे त्याची नोंदही राहिली नाही.

हा तिसरा माणूस बहुतेक करून भंडारी असे. गॅझेटिअरांनी माडी काढणे हा या समाजाचा परंपरागत धंदा म्हणून नोंदवला असून कित्ते, हेटकरी अशा त्याच्या पोटशाखांचीही माहिती दिली आहे. परंतु भंडारी तेवढ्यावर थांबलेले नव्हते. आरमारात आणि किल्ल्यांच्या शिबंदीत त्यांचा भरणा होता, आणि 1679 मध्ये इंग्रजांच्या नौकांचा विरोध पत्करून खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांसाठी किल्ला उभा करणारा मायनाक भंडारी इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून आजही भेटतो. मुंबईत कंपनी सरकारनेही त्यांना पलटणीत घेतले होते.

मराठेशाहीत मद्याविषयीचे धोरण कडक होते, पण सरसकट नव्हते. पेशव्यांच्या रोजनिशींना लिहिलेल्या प्रस्तावनेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दाखवले आहे की पुण्यात दारूला मनाई असली तरी कोकणातल्या कोळी-भंडारी यांसारख्या जातींना तिच्यातून मोकळीक होती, ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी कामगार यांना मात्र तेथेही बंदी होती, आणि पेशव्यांच्या तोफखान्यातील युरोपीय गोलंदाजांना स्वतःपुरती दारू गाळण्याची मुभा मिळे. म्हणजे राज्यकर्त्यांनी पिण्याचा हक्क जातवार वाटून दिला होता. त्या वाटणीत अन्याय असला तरी माड आणि माडी यांच्यात सरकारी अधिकारी फारसा आलेला नव्हता.

तो आला इंग्रजी अमलात. सुरुवातीला अबकारी, म्हणजे मद्य व इतर अमली पदार्थ यांवरील कर, मक्त्याने दिला जाई. मक्ता म्हणजे ठरावीक रकमेवर वसुलीचा हक्क लिलावात विकत घेणे. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने ही सैल व्यवस्था आवळली. चार्ल्स प्रिचर्ड हा अबकारी खात्याचा प्रमुख या नव्या रचनेचा कर्ता मानला जातो. तिच्यानुसार परवान्यावाचून झाड छेदणे गुन्हा झाला, छेदलेल्या प्रत्येक झाडामागे कर बसला, झाडांवर खुणा व आकडे पडू लागले, गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून मध्यवर्ती कारखान्यांत गाळलेली मोहाची दारू मक्तेदारांमार्फत विकण्याकडे कल वाढला. माडी स्वस्त, सौम्य आणि जागच्या जागी पिऊन संपणारी असल्यामुळे तिच्यावर कर बसवणे आणि तो वसूल करणे जिकिरीचे होते. कारखान्यातली कडक दारू पिंपात मोजता येई, साठवता येई आणि लांब पाठवता येई. महसूल वाढवायचा तर माडी महाग केली पाहिजे, असा हा सरळ हिशेब होता, आणि सौम्य पेयाकडून कडक पेयाकडे लोकांना ढकलल्याचा ठपका सरकारवर आला तो यामुळेच. नीतीच्या भाषेत मांडलेल्या धोरणाखाली महसुलाचे गणित कसे चालते याचा इतका उघड नमुना दुसऱ्या खात्यात सहसा सापडत नाही.

या कराला विरोध झाला. 1880च्या दशकात मुंबई आणि ठाणे भागांतील भंडाऱ्यांनी झाडे छेदण्याचे थांबवून सरकारशी झगडा मांडला, आणि दिनशा वाच्छा यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी अबकारीचा प्रश्न जाहीर चर्चेत आणला. 1888 मध्ये अलाहाबादच्या काँग्रेस अधिवेशनात अबकारी धोरणाविरुद्ध ठराव झाला, तर 1889 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात हिंदुस्थानच्या अबकारी व्यवस्थेचा निषेध करणारा ठराव सरकारच्या इच्छेविरुद्ध संमत झाला. परंतु या दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्यांचा रोख पिणाऱ्यांच्या नीतीवर आणि सरकारच्या लोभावर होता. माडावर चढणाऱ्याच्या पोटापाण्याची बाजू त्यात ओझरतीच आली.

सुधारकांकडूनही त्याला आधार मिळणे कठीणच होते. जोतीराव फुले यांनी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निदर्शने करणाऱ्या स्वयंसेवकांना पाठबळ दिले. इतर बाबतींत ज्यांचे मार्ग जुळत नव्हते ते दोघेही या प्रश्नावर एका बाजूला होते, हे लक्षात घेतले म्हणजे धंद्याचे समर्थन करणारा सुशिक्षित आवाज का उठला नाही हे समजते.

खुद्द भंडारी समाजातले जे लोक पुढे आले ते धंदा मागे ठेवून. गिरण्या निघाल्यानंतर रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठा केला आणि त्या लाटेत भंडारीही होतेच. सीताराम केशव बोले, जे रावबहादूर बोले म्हणून ओळखले जातात, त्यांनी 1909 मध्ये कामगार हितवर्धक सभा काढली, 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत करून घेतला आणि खोतीविरुद्धही आवाज उठवला. रत्नागिरीचे भागोजी कीर गरिबीतून मुंबईत बांधकामाचे मोठे कंत्राटदार झाले, आणि त्यांच्या पैशातून 1931 मध्ये रत्नागिरीत सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. या दोघांची चरित्रे मराठी वाचकांना ठाऊक आहेत. ज्यांनी माडी काढली त्यांचे चरित्र लिहिले गेले नाही, आणि मायनाक भंडाऱ्यापासून कीरांपर्यंत ज्यांची नावे उरली ती आरमार, राजकारण किंवा कंत्राटदारी यांतली आहेत.

शेवटचा मोठा घाव स्वराज्यात पडला. 1939 मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग सुरू केला होता. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 1949चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 मध्ये सर्व राज्यभर दारूबंदी आली. माडीचे मडके त्यामुळे एका दिवसात गुन्ह्याची वस्तू झाले. गांधीवाद्यांनी पर्याय म्हणून नीरा आणि ताडगूळ पुढे केले, कायद्यानेही नीरेला परवान्याची वाट ठेवली. पण चुना फासलेल्या मडक्यातला हा रस काही तासांतच विकला जावा लागतो आणि रस्ते, बर्फ व बाजार यांची उणीव असलेल्या तेव्हाच्या रत्नागिरीत त्याचे गिऱ्हाईक होते कोठे? ज्यांना माडी काढता येत होती त्यांच्यापैकी काही नारळ पाडण्याच्या कामाकडे वळले, काहींनी मुंबई गाठली, आणि काहींची गाठ रात्री पोलिसांशी पडू लागली. साठच्या दशकात बंदी सैल झाल्यावर माडीची परवाना असलेली विक्री केंद्रे पुन्हा आली, तरी पुरवठा करणारी पिढी मधल्या काळात विरळ झाली होती. शहरांत क्लोरल हायड्रेटसारखे गुंगी आणणारे रसायन पाण्यात मिसळून माडीच्या नावाने विकले जाण्याचे जे प्रकार गाजले, त्यांच्यामागे खऱ्या रसाची ही टंचाई हे एक कारण होते. गंमत म्हणजे दारूबंदीचा तो कायदा मुंबईऐवजी महाराष्ट्राचे नाव घेऊन आजही लागू आहे, आणि नाशिकच्या वाइनरीत पेला हातात घेणारा पर्यटक वस्तुतः दारूबंदी अधिनियमाखालच्या परवानगीनेच पीत असतो.

खाडीपलीकडच्या गोव्यात इतिहासाने वेगळी वाट धरली. तेथे 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्यामुळे 1949चा कायदा पोहोचला नाही. माडी काढणाऱ्या रेंदेरांचा धंदा, माडाच्या आणि काजूच्या फेणीच्या भट्ट्या चालू राहिल्या, पावालाही माडीचेच आंबवण लागे. 2009 मध्ये गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. तोच काजू रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मुबलक पिकतो. बी कारखान्यात जाते आणि बोंडू, म्हणजे बीला धरून असलेले रसाळ फळ, बागेतच मोठ्या प्रमाणावर सडून जाते.

2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूबोंडू आणि मोहफुले यांपासूनच्या मद्याला वेगळा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन विकण्याचा त्याच वर्षीचा निर्णय मात्र विरोधामुळे अडून राहिला. माडापुरते बोलायचे तर रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात 1955 पासून बाणवली, प्रताप अशा जातींचा अभ्यास चालू आहे. बागायतदारांची आजची अडचण मात्र नारळ उतरवायला माणूस मिळत नाही ही आहे, आणि माडावर चढायला शिकवण्याचे वर्ग भरवण्याची पाळी नारळ विकास मंडळावर आली आहे.