शुश्रूषेचें शास्त्र

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे त्याच्या उशाशीं आई बसते, आजी बसते, बहीण बसते. शुश्रूषा ही मायेच्या माणसानें करावयाची गोष्ट; तिला शिक्षण तें काय लागणार, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती केवळ आपल्याकडचीच नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतहि बहुतेकांचा हाच समज होता. माया हवीच, तिच्यावांचून शुश्रूषा होत नाहीं. परंतु मायेनें केलेलें काम रोग्याच्या हिताचेंच झालें, हें कशावरून? हा प्रश्न शुश्रूषा करणाऱ्यांनीं जेव्हां स्वतःलाच विचारला आणि त्याचें उत्तर अंदाजानें न देतां मोजून-पडताळून दिलें, तेव्हां शुश्रूषेचें शास्त्र झालें. त्याचा इतिहास कांहीं ठळक प्रसंगांतून पाहण्यासारखा आहे.

पहिला प्रसंग क्रिमियाच्या युद्धांतला. या युद्धांत इंग्लंड व फ्रान्स हे तुर्कस्तानच्या बाजूनें रशियाशीं लढत होते. जखमी व आजारी इंग्रज शिपायांना जहाजांत घालून, काळा समुद्र ओलांडून, कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथें आणीत. तेथील एका प्रचंड बराकीचेंच रुग्णालय केलेलें होतें. ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह तेथें पोहोंचल्या. हातांत दिवा घेऊन रात्रीं रोग्यांमधून फिरणारी ही स्त्री शाळेच्या पुस्तकांतून श्रोत्यांच्या परिचयाची आहे. पुस्तकांत जें सहसा येत नाहीं तें असें कीं, बाईंच्या आगमनानें स्कुटारीचे मृत्यु थांबले नाहींत. त्या हिवाळ्यांत ते वाढतच गेले. कपडे धुतले जात होते, अन्न पूर्वींपेक्षां बरें मिळत होतें, जखमा वेळेवर बांधल्या जात होत्या, आणि तरीहि माणसें मरत होतीं. १८५५ च्या फेब्रुवारींत मृत्यूचें प्रमाण शेकडा ४२ वर जाऊन ठेपलें.

मार्चमध्यें इंग्लंडच्या सरकारनें पाठविलेलें आरोग्य-मंडळ तेथें आलें. इमारतीखालचीं गटारें तुंबलेलीं होतीं आणि त्यांतली घाण हवा रोग्यांच्या खोल्यांत शिरत होती. मंडळानें गटारें उपसून वाहतीं केलीं, पाण्याची वाट साफ केली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत तेंच प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरलें.

युद्ध संपल्यावर १८५६ मध्यें नाइटिंगेलबाई मायदेशीं परतल्या. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्यानें त्यांनीं युद्धांतील मृत्यूंचा महिनावार हिशेब मांडला. १८५८ मध्यें त्यांनीं काढलेली वर्तुळाकार आकृति प्रसिद्ध आहे. टाळतां येण्याजोग्या रोगांचे मृत्यु निळ्या रंगांत, जखमांचे तांबड्या रंगांत, इतर कारणांचे काळ्या रंगांत. पाहणाऱ्याला एक अक्षरहि न वाचतां कळावें कीं, तांबड्यापेक्षां निळा रंग कितीतरी अधिक आहे. म्हणजे शत्रूच्या गोळीपेक्षां घाणीनेंच अधिक शिपाई मारले. जेथें आपण रात्रंदिवस राबलों, तेथेंच टाळतां येण्याजोगे मृत्यु हजारोंनीं झाले, हें जगापुढें मांडावयास मन घट्ट असावें लागतें. त्याच वर्षीं लंडनच्या संख्याशास्त्र-मंडळानें त्यांना सभासद करून घेतलें. तो मान मिळविणारी ही पहिलीच स्त्री होय.

१८६० मध्यें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवाची परिचारिकांची शाळा निघाली. त्याच सुमारास त्यांचें शुश्रूषेवरील छोटें पुस्तकहि घरोघर वाचलें जाऊं लागलें. त्या पुस्तकांतील दोन विचार पुढील इतिहासाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या पाठीला क्षतें पडलीं, तर तो दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. दुसरा असा कीं, पुढें काय होणार या धास्तीनें आणि अनिश्चितपणें वाट पाहत राहिल्यानें रोग्याची जी हानि होते, ती शरीराच्या श्रमानेंहि होत नाहीं. हीं दोन्ही अनुमानें दीर्घ निरीक्षणांतून आलेलीं होतीं. त्यांचा पडताळा मात्र व्हावयाचा होता.

निरीक्षण स्वतःच्या कामाविरुद्ध गेलें तर काय करावें, याचाहि धडा बाईंनीं घालून दिला. १८६१ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत सुइणींच्या शिक्षणासाठीं त्यांच्या निधींतून एक प्रसूति-कक्ष उघडण्यांत आला. गरीब स्त्रियांना स्वच्छ खाट मिळावी, शिकलेल्या हातांचें साह्य मिळावें, हा हेतु. १८६७ पर्यंत तेथें ७८० बाळंतपणें झालीं. त्यांत दर १,००० मागें ३३ बाळंतिणी दगावल्या. त्या काळीं सबंध इंग्लंडांत हें प्रमाण ५ च्या आसपास होतें. सूतिकाज्वर कक्षांत शिरला होता. कक्ष बंद करण्यांत आला. बाई एवढ्यावर थांबल्या नाहींत. निरनिराळ्या प्रसूतिगृहांचे आणि घरगुती बाळंतपणांचे आकडे गोळा करून १८७१ मध्यें त्यांनीं पुस्तक लिहिलें आणि दाखवून दिलें कीं, गर्दीच्या रुग्णालयापेक्षां गरिबाच्या झोंपडींत बाळंतीण अधिक सुरक्षित होती. हेतु शुद्ध होता म्हणून आकडा झांकून ठेवावा, असें त्यांना वाटलें नाहीं.

आतां हिंदुस्थानकडे वळूं. बाईंनीं या देशांत कधीं पाऊल टाकलें नाहीं. पण १८५९ मध्यें येथील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यास राजाज्ञेनें मंडळ नेमलें गेलें, तेव्हांपासून हा देश त्यांच्या कामाचा विषय झाला. मंडळाचें प्रतिवृत्त १८६३ मध्यें बाहेर पडलें. येथील गोऱ्या फौजेंत दरसाल दर १,००० मागें ६९ शिपाई मरत होते. पाणी, मोऱ्या आणि बराकी सुधारल्यावर १८७३ च्या सुमारास ती संख्या १८ वर आल्याचें बाईंनीं नमूद केलें. पण छावणीच्या भिंतीबाहेर कोट्यवधि रयत त्याच पाण्यावर जगत होती, तिचें काय?

या प्रश्नामुळें त्यांचा संबंध पुण्याशीं आला. १८७० मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता आणि खेड्यांची स्वच्छता हा त्यांतला एक प्रमुख विषय होता. मुंबई इलाख्यांत ग्रामस्वच्छतेचा कायदा १८८९ मध्यें झाला. परंतु कायद्यानें विहिरीचा कांठ स्वच्छ होत नाहीं. तेथें कपडे धुणाऱ्या बाईला कारण पटावें लागतें, हें बाईंनीं ओळखलें होतें. १८९२ मध्यें इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यांत त्यांच्या प्रेरणेनें खेड्यांतील स्त्रियांसाठीं आरोग्य-शिक्षिका तयार करण्याचा प्रयोग झाला. या शिक्षिकांनीं नुसतें व्याख्यान देऊन परतावयाचें नाहीं. घरोघर जावयाचें, आईशीं मैत्री करावयाची, तिची अडचण ऐकावयाची आणि प्रत्यक्ष करून दाखवावयाचें. १८९४ मध्यें बुडापेस्ट येथील आरोग्य-परिषदेसाठीं हिंदी खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध लिहितांना त्यांच्यापुढें हीच दृष्टि होती. आरोग्य-शिक्षण म्हणजे हुकूम नव्हे, शेजारधर्म होय, हा विचार येथून शुश्रूषेंत शिरला.

१९१० मध्यें नाइटिंगेलबाई निवर्तल्या. त्यांचीं दोन अनुमानें पडताळ्याची वाट पाहत राहिलीं. पहिल्याचा पडताळा १९६२ मध्यें मिळाला. लंडनमध्यें डोरीन नॉर्टन या परिचारिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं रुग्णालयांतील वृद्ध रोग्यांचा अभ्यास केला. पाठीला क्षतें पडूं नयेत म्हणून तऱ्हेतऱ्हेचे लेप चोळण्याची चाल तेथें जुनी होती. प्रयोगांत दिसलें कीं, अमुक एका लेपानें विशेष गुण येत नाहीं. ठराविक वेळानें रोग्याची कूस बदलल्यानें मात्र क्षतें स्पष्टपणें घटतात. कोणत्या रोग्याला धोका अधिक, हें आधींच कळावें म्हणून त्यांनीं एक कोष्टक केलें. शरीराची स्थिति, मनाची स्थिति, चालणें-फिरणें, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा, या पांच गोष्टींना गुण द्यावयाचे. एकूण २० पैकीं १४ किंवा कमी पडले तर सावध व्हावयाचें. पेन्सिल आणि कागद एवढ्याच साधनांनीं असंख्य म्हाताऱ्या माणसांच्या यातना टाळण्याची सोय झाली.

दुसरें अनुमान मनाविषयींचें. तें पडताळणें अवघड. त्याच्या आड रुग्णालयाची रीतच येत होती. १९६० मध्यें इझाबेल मेंझिस या अभ्यासक स्त्रीनें लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. तेथें शिकावयास आलेल्या मुलींपैकीं सुमारें एक-तृतीयांश शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या. रोग्याचें दुःख पाहून परिचारिकेचें मन विदीर्ण होऊं नये म्हणून काम असें तुकड्या-तुकड्यांनीं वाटलेलें होतें कीं, एकीनें तीस जणांचा ताप पाहावा, दुसरीनें तीस जणांना पाणी द्यावें. कोणाचाहि कोणाशीं लळा लागूं नये. पण त्यामुळें परिचारिकेची चिंता मिटली नाहीं, आणि रोग्याला मनांतलें विचारावयास एक माणूस उरलें नाहीं.

रोग्याला विचारूं दिलें आणि नीट सांगितलें, तर काय होतें? १९६४ मध्यें अमेरिकेंतील बोस्टन येथें भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रोग्यांवर हें पाहिलें. कांहींना आदल्या दिवशीं सांगितलें कीं, दुखेल कोठें, किती आणि का. अंग सैल कसें सोडावें, कूस कशी वळवावी. ज्यांना हें सांगितलें, त्यांना वेदनाशामक औषध निम्म्यानें कमी लागलें आणि ते सरासरी २.७ दिवस लवकर घरीं गेले. आपला रोगी कोणत्या गटांतला, हें शस्त्रवैद्यांना ठाऊक नव्हतें. त्यामुळें पक्षपाताला जागा नव्हती.

परिचारिकांनीं हें सूत्र हातीं घेतलें. इंग्लंडमध्यें जॅक हेवर्ड यांचा अभ्यास १९७५ मध्यें बाहेर पडला. माहिती हेंच वेदनेवरचें औषध, अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. १९७८ मध्यें जेनिफर बूर यांनीं पित्ताशयाच्या व अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेच्या ८० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं रोग्याला नुसतें कसें वाटतें हें विचारलें नाहीं. मनावर ताण आला असतां शरीरांत वाढणारें द्रव्य लघवींत किती उतरतें, तेंहि मोजलें. ज्यांना आधीं समजावून व्यायाम शिकविला होता त्यांच्यांत तें कमी होतें, आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गहि कमी झाला. नाइटिंगेलबाईंनीं एका वाक्यांत सांगितलेली धास्तीची हानि अशा रीतीनें परीक्षानळींत दिसली.

आपल्या घरांतून एक जुनी रीत अजून पाळली जाते. आजाऱ्याच्या खोलीबाहेर कुजबुज चालते, आणि आंत गेल्यावर सगळे हंसून म्हणतात, ‘कांहीं नाहीं, बरें वाटेल हो उद्यां.’ हें मायेपोटींच होतें. पण अंथरुणावरच्या माणसाला दाराबाहेरचे स्वर ऐकूं येतात, आणि अर्थ न कळल्यामुळें तो त्यांचा अधिकच भयंकर अर्थ लावतो. त्याला झेपेल इतकें, त्याच्या भाषेंत, त्याच्या प्रश्नांच्या मागोमाग सांगावें. उद्यां सकाळीं काय होणार, दुखल्यास कोणाला हांक मारावी, उठून कधीं बसतां येईल. एवढें करण्यास पदवी लागत नाहीं. खाटेजवळ स्टूल ओढून दहा मिनिटें बसावें लागतें, आणि त्यानें विचारलेला पहिला प्रश्न टाळावयाचा नाहीं, एवढा निश्चय करावा लागतो.