ग्रंथालय सहकार्य आणि महाविद्यालये : एक ऐतिहासिक आढावा

कोणत्याही एका ग्रंथालयास सर्व ज्ञानसाहित्य संग्रही ठेवणे शक्य नसते, या जाणिवेतून ग्रंथालय सहकार्याची संकल्पना रुजली. आरंभी तिचे स्वरूप प्रामुख्याने आंतरग्रंथालयीन देवघेव व संयुक्त तालिका असे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट प्रकल्प १९९१ मध्ये पुण्याच्या 'आयुका' या संस्थेअंतर्गत सुरू झाला. १९९६ मध्ये त्यास स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्राचा दर्जा लाभला.

परदेशी नियतकालिकांची वर्गणी वाढत गेली, तशी एकेकट्या ग्रंथालयाची आर्थिक क्षमता अपुरी पडू लागली. प्रकाशकांशी एकत्रित वाटाघाटी करणे, हा त्यावरील मार्ग ठरला. २००३ मध्ये तंत्रशिक्षण संस्थांसाठी 'इंडेस्ट' व त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठांसाठी 'यूजीसी-इन्फोनेट' हे ग्रंथालयसंघ अस्तित्वात आले. महाविद्यालयांना मात्र २०१० मधील 'एन-लिस्ट' योजनेपर्यंत प्रतीक्षा करावी लागली. पुढे २०१५ मध्ये हे तिन्ही उपक्रम 'ई-शोधसिंधू'त एकत्र आले.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक व जवळपास १३,००० ई-नियतकालिके, अशी तिची व्याप्ती आहे. तथापि ही योजना केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी मंजूर झाली. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्था चालवितात. सहकार्याचे वर्तुळ प्रत्येक टप्प्यावर विस्तारले. परंतु ग्रामीण महाविद्यालयातील संशोधक त्यात सर्वांत शेवटी आला, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.