हिवाळ्यातील मोहोळ आणि पेटीचा तळ

आपल्या सह्याद्रीत मधमाश्यांची खरी परीक्षा पावसाळ्यात होते; युरोपात ती हिवाळ्यात होते. चार-पाच महिने फुले नाहीत, बाहेर पडणे नाही. अशा काळात मोहोळ जगते कसे, हा प्रश्न तिकडच्या मधपाळांना शतकानुशतके पडत आला. थंडीत माश्या निश्चेष्ट पडून राहतात, असा जुना समज होता.

या समजाला धक्का दिला तो जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्युबर (१७५०-१८३१) यांनी. ते तरुणपणीच अंध झाले होते. त्यांचा सेवक ब्यूर्नां पाही, आणि ह्युबर प्रश्न विचारीत. बाहेर पाणी गोठत असतानाही भरल्या मोहोळात ऊब टिकून असते आणि माश्या एकत्र गोळा होऊन ती राखतात, असे त्यांनी १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले.

त्या गोळ्याची रचना अमेरिकेतील फिलिप्स व डेमुथ यांनी तापमान मोजून १९१४ साली मांडली. पारा सुमारे १४ अंश सेल्सियसपर्यंत उतरला की माश्या गोळा करतात. बाहेरच्या थरातील माश्या डोकी आत करून दाटीने बसतात. आतल्या माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. इंधन एकच, साठविलेला मध. यातून मोठी गोष्ट स्पष्ट झाली. माश्या पेटी तापवीत नाहीत, केवळ आपला गोळा तापवितात.

मग पेटीत माश्या मरतात कशाने? बहुधा उपासमारीने, रोगाने किंवा ओलीने. एक किलो मध खर्ची पडला की सुमारे दोन तृतीयांश किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ती वाफ गार छतावर थिजते आणि थेंब थेंब गोळ्यावर ठिबकते. थंडी सोसणारे मोहोळ भिजले की खचते. मायेपोटी प्रत्येक फट बुजविणारा मधपाळ अशा रीतीने नकळत आपल्याच माश्यांचा घात करीत असे.

पेटीच्या तळपाटाचा, म्हणजे खालच्या फळीचा, प्रश्न येथेच उद्भवतो. पूर्वी हा तळ सलग लाकडाचा असे. पुढे व्हरोआ नावाचा परजीवी आला. मुळात तो आशियाई मधमाशीवरचा, म्हणजे आपल्या सातेरीच्याच जातीवरचा. युरोपीय माशीला मात्र तो जीवघेणा ठरला. ब्रिटनमध्ये तो १९९२ साली प्रथम आढळला, तोही डेव्हनमध्ये. बकफास्ट मठाचे जगविख्यात मधपाळ, बेनेडिक्टाइन संघाचे ब्रदर अ‍ॅडम (१८९८-१९९६), याच परगण्यात राहत. माश्यांच्या अंगावरून गळलेले परजीवी खाली पडून जावेत, म्हणून जाळीच्या तळाचा प्रसार झाला. उघड्या तळामुळे हिवाळ्यात माश्या गारठतील, अशी भीती अनेकांना वाटली. परंतु वर छताला ऊबदार आच्छादन असेल, पुरेसा मध असेल आणि मोहोळ सशक्त असेल, तर जाळीवरही ती सुखरूप राहतात, असा अनुभव आला. राणी पुन्हा अंडी घालू लागली की काही मधपाळ जाळीखाली फळी सरकवितात. काही तीही सरकवीत नाहीत. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

ऊब माश्या स्वतः निर्माण करतात. मधपाळाने त्यांच्यासाठी मध राखून ठेवावा, छत कोरडे ठेवावे आणि वाऱ्याची वाट अडवू नये. एवढे साधे कर्तव्य उमगायला माणसाला दीर्घ काळ लागला.