साबणाचं गणित

लेक्सिंग्टन हे अमेरिकेतलं बॉस्टनजवळचं गाव. तिथल्या मझी ज्युनियर हायस्कूलमध्ये १९६८-६९ साली सातवीच्या एका वर्गाला प्रोग्रॅमिंग शिकवत होते. कॉम्प्युटर मात्र शाळेत नव्हताच. वर्गात होते टेलिटाइप, म्हणजे खडखड करणारे टाइपरायटर, आणि ते फोनच्या तारेनं केंब्रिजच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीतल्या मशीनला जोडलेले. पडदा नाही, माउस नाही. आज्ञा टाइप करायची आणि उत्तर कागदावर उमटेपर्यंत वाट बघायची.

शिकवणारे होते सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन. पॅपर्ट दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला जन्मले, गणित शिकले आणि नंतर काही वर्षं जिनिव्हात मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करत होते. मझीच्या शाळेत कामाला जाताना त्यांच्या वाटेवर चित्रकलेचा वर्ग लागायचा. आत मुलं साबणाच्या वड्या कोरत बसलेली असत. पॅपर्ट रोज डोकावायचे. एकेक मूल आपल्या मनातलं काहीतरी कोरत होतं, आणि हे काम एका तासाचं नव्हतं, आठवडेच्या आठवडे चालायचं. कोरायचं, थांबायचं, शेजाऱ्याचं बघायचं, पुन्हा आपलं हाती घ्यायचं. गणिताच्या तासाला यातलं काहीच नाही. गणित मास्तर देणार, ते सुटलं तर सुटलं, नाही तर घंटा झाली. या साबणासारखं गणित का नसावं, असं पॅपर्टना वाटलं. ही हकिगत त्यांनीच पुढे लिहून ठेवली आहे.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पोरांना कोडमधून चित्रं काढायला लावणं हल्ली सगळीकडे चालतं, आणि ते रुचकर औषधासारखं चालतं: आधी चित्राची साखर, मग आत लपवलेलं लूप. मला वाटतं, इतिहास याच्या उलटा आहे. चित्र आमिष म्हणून आलं नाही. वर्गात रमून, वेळ घालवत, आपलं असं काही घडवता यावं म्हणून ते आलं.

आणि ते उशिराच आलं. मझीत शिकवत होते ती लोगो नावाची भाषा १९६७ साली पॅपर्ट, सॉलोमन, वॉली फ्यूर्झाइग आणि डॅनियल बॉब्रो यांनी केली, तेव्हा तिच्यात चित्राचं नाव नव्हतं. ती शब्दांशी आणि वाक्यांशी खेळायची भाषा. मझीच्या मुलांनी तिच्यात शब्दांचे खेळ रचले, यादृच्छिक वाक्यं जुळवणारे प्रोग्रॅम लिहिले. पॅपर्टच्या 'माइंडस्टॉर्म्स' या १९८०च्या पुस्तकात जेनी नावाची तेरा वर्षांची मुलगी भेटते. कॉम्प्युटरकडून कवितेसारख्या ओळी करून घेताना, नाम आणि क्रियापद ही भानगड मुळात असते कशासाठी, हे तिला पहिल्यांदा उमगलं. कारण शब्दांचे कप्पे केल्याशिवाय मशीन धड वाक्य बनवीना. व्याकरणाचा इतका प्रामाणिक उपयोग मी आमच्या मराठीच्या तासाला पाहिलेला नाही.

१९६९च्या सुमारास कासवाची कल्पना निघाली. यंत्रकासवं त्याआधीही होती. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञानं १९४८-४९ साली एल्मर आणि एल्सी अशी दोन केली होती, पण ती आपल्या मर्जीनं उजेडाकडे चालायची. लोगोचं कासव हुकमाचं. खाली चाकं, पोटात पेन. फॉरवर्ड म्हटलं की पुढे, राइट म्हटलं की जागच्या जागी उजवीकडे वळायचं, पेन खाली असेल तर मागे रेघ राहायची. पुढे ते पडद्यावर गेलं आणि त्याचा नुसता त्रिकोण झाला.

त्यातली हुशारी अशी की कासवाला आपण खोलीत कुठे आहोत हे ठाऊकच नसतं. त्याला फक्त आपलं तोंड कुठे आहे आणि किती चालायचं एवढंच कळतं. म्हणून मूल त्याच्या जागी उभं राहू शकतं. वर्तुळ कसं काढायचं असं मुलानं विचारलं, तर पॅपर्टच्या पद्धतीत उत्तर द्यायचं नाही, चालून बघ म्हणायचं. थोडं पुढे, थोडं वळ, पुन्हा थोडं पुढे. त्रिज्या नको, केंद्र नको.

एमआयटीच्या लोगो प्रयोगशाळेत रेडिया पर्लमन नावाच्या विद्यार्थिनीनं सत्तरच्या दशकात याहून पुढची मजल मारली. ज्यांना वाचताही येत नाही अशा लहानग्यांसाठी तिनं बटणं आणि खाचेत सरकवायची कार्डं केली, आणि त्यांवर कासव चालवलं. पुढे संगणकांच्या जाळ्यांमधला स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल तिनंच शोधला, पण माझ्या वर्गात तिचं नाव निघतं ते कार्डांमुळे.

माझी सगळ्यात आवडती मुलगी मात्र डेबोरा. तीही 'माइंडस्टॉर्म्स'मधलीच. सहावीत होती, अभ्यासात अडखळायची, प्रत्येक पावलाला शिक्षकांकडे बघायची. कासवाला कोणताही आकडा देता येतो, या मोकळीकीनंच ती भांबावली. मग तिनं स्वतःलाच नियम घातला: वळायचं तर फक्त राइट ३०. काटकोन हवा असेल तर राइट ३० तीनदा. डावीकडे ३० अंश जायचं तर राइट ३० अकरा वेळा, पूर्ण गिरकी मारून. एवढ्याशा अंगणात ती चित्रं काढत राहिली आणि त्यातून तिची भीड चेपली. चित्रकाराला हे सांगायला नको, दोनच रंग घेऊन बसणारे कितीतरी असतात. पण सहावीतल्या घाबरट मुलीनं हे आपणहून शोधावं, आणि गणिताच्या माणसानं ते अडाणीपणा न म्हणता पुस्तकात मांडावं, हे मला फार मोठं वाटतं.

भारतात १९८४ साली केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो आले. पुढे आमच्यासारख्या शाळांत खिडकीवाल्या पीसीवर लोगो पोचली ती चौथी-पाचवीच्या पुस्तकातला धडा म्हणून. आणि धडा म्हटला की प्रश्न आलाच: 'खालील आज्ञांनी कोणती आकृती तयार होईल?' पेपरात, कागदावर. रिपीट ४, फॉरवर्ड १००, राइट ९०, उत्तर चौरस, गुण एक. साबण कोरायला वेळ नाही, तशी वडीही नाही.

आम्हाला वाचवलं लोडशेडिंगनं. लॅबच्या तासालाच लाइट जायची, मग खडू घेऊन व्हरांड्यात जायचं. एक पोर कासव, एक पोर हुकूम सोडणार. पंचकोनात प्रत्येक कोपऱ्यावर ७२ का वळायचं, हे फळ्यावर सांगून डोक्यात शिरत नव्हतं. आतला कोन तर १०८ आहे ना मॅडम! चालल्यावर कळायचं की कासव आतल्या कोनात वळत नाही, बाहेरच्या वळतं, आणि घरी परत येईपर्यंत त्याचं एकूण ३६० होतं. लाइट आली की तीच पोरं मशीनवर ७२च्या जागी १४४ घालून चांदणी काढायची. चौरसाची बाजू दर फेरीला थोडी वाढवायची आणि ९०ऐवजी ९१ टाकायचे, की कंटाळवाणा चौकोन गरगरत उमलतो. हे एकाला सापडलं की पुढचा आठवडाभर लॅबमध्ये दुसरं काही चालायचं नाही. मी चालू दिलं.

रांगोळीचा विषय मुलींनीच काढला, आणि तिथं गाडी अडली. आपली ठिपक्यांची रांगोळी बहुतेक या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत सरळ जाते. कासवाला ठिपके दिसत नाहीत, त्यामुळे ती त्याच्याकडून सुखासुखी निघत नाही. तामिळ रांगोळी, म्हणजे कोलम, मात्र पुष्कळदा ठिपक्यांना स्पर्श न करता त्यांच्या भोवतीनं वळत जाते, कित्येकदा एकाच अखंड रेघेत. १९७४ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्याबरोबर या कोलमांचं औपचारिक व्याकरण मांडलं. रोपांच्या वाढीसाठी लिंडनमायर यांनी १९६८ साली केलेल्या नियमांना प्रूसिंकेविच यांनी ऐंशीच्या दशकात कासव जोडलं, आणि त्याच पद्धतीनं कोलमही काढली. दारातली बाई आणि लेक्सिंग्टनचं कासव अशी एका कागदावर आली.

आता पायथॉनमध्ये टर्टल आहेच. त्याच्या बाजूला २००१ पासूनची प्रोसेसिंग आहे. ती केसी रीस आणि बेन फ्राय यांनी कलावंतांसाठी केली, आणि तिच्यातल्या प्रोग्रॅमला स्केच म्हणतात. २०१३ साली लॉरेन मॅकार्थी यांनी तिचा ब्राउझरमधला अवतार, पी५, सुरू केला. दोन्हींत रंग भरपूर, हालचाल सोपी, पण तिथं चालायला कोणी नाही. सगळं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजायचं, वाय खाली वाढतो, आणि पोरं पहिला महिना चित्र उलटं का आलं यातच घालवतात. त्यामुळे आठवीला मी टर्टल देते, कोलमासकट. ठिपक्यांची रांगोळी नववीला, पी५मध्ये, कारण तोवर भूमितीच्या सरांचा निर्देशकांचा धडा झालेला असतो.