शाळेच्या रजिस्टरातील आमची नावे

विहाराच्या वर्धापनदिनी स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा आठवणी जमा होऊ लागल्या. जागा कोणी दिली, वर्गणी कोणी गोळा केली, पहिली जयंती कशी निघाली, हे सारे ज्येष्ठांनी भरभरून सांगितले. लहान लेकरांचा इतिहास मात्र कोणी सांगेना. म्हणून आम्ही एक साधा प्रश्न धरला: आमच्या लेकरांना नावे कशी मिळाली, आणि ती शाळेच्या रजिस्टरात कशी चढली?

वऱ्हाडातल्या जुन्या नोंदी काढून पाहा. उकंडा, कचरू, धोंडू, दगडू, केरू. ही नावे केवळ आमच्याच वस्तीत होती असे नाही, इतर कष्टकरी जातींतही होती. घरात लेकरे जगत नसत. चांगले नाव ठेवले तर नजर लागेल, या भीतीने माय आपल्याच पोटच्या गोळ्याला उकिरड्याचे नाव देई. पण हा झाला मायेचा धाक. दुसरे कारण व्यवस्थेचे होते. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातच सांगितले आहे. त्यामुळे एखाद्या बापाने हौसेने गणपत नाव ठेवले तरी गावात त्याचा गणप्याच होई. तो म्हातारा झाला तरी कोणाचेही पोर त्याला अरेतुरेच करी. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, तेव्हा लेकराचे नाव हिणवणारा हा नियमही त्या आगीत पडला.

शाळेचे रजिस्टर ही आमच्या इतिहासातली मोठी वस्तू आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. नाव लागले, पण बाकावर जागा मिळाली नाही. घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. आमच्या भागात १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली, आणि अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न गाजला. त्याच सुमारास डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचे तर आधी राहायला जागा पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

मग उजाडला १४ ऑक्टोबर १९५६. वऱ्हाडातून माणसे रेल्वेने, बैलगाडीने, पायी नागपूरला गेली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात अडीच हजारही बौद्ध नव्हते. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. आणि पाळण्यातली नावे बदलली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद. सुजाता, यशोधरा, विशाखा, संघमित्रा. आमच्या एका आजीने सांगितलेली गोष्ट आहे. शाळेत नाव घालायला गेली तर गुरुजी म्हणाले, "सिद्धार्थ? हे कुठलं नाव? घरी काय म्हणता ते सांग." आजी म्हणाली, "गुर्जी, घरी बी सिद्धार्थच म्हनतो आमी." तिला लिहिता येत नव्हते. पण नाव लिहून होईस्तोवर ती टेबलापासून हलली नाही.

नावाची लढाई जिंकली, जातीच्या रकान्यात मात्र आम्ही अडकलो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदूच धरले जात. १९५६ साली शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या; केंद्राचे दार बंदच राहिले. मग कित्येक बापांनी पोराच्या भविष्याकडे पाहून 'हिंदू महार' लिहू दिले. सकाळी विहारात त्रिशरण पंचशील म्हणणारे लेकरू दुपारी शाळेत दुसरेच कोणी असे. या दुहेरीपणाचे ओझे त्या कोवळ्या जिवाने वाहिले. अखेर १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला.

तरी एक गंमत, खरे तर दुःख, उरलेच. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजच्या सिद्धार्थला पणजोबा उकंडाची नोंद शोधावी लागते, शाळेच्या दाखल-खारीजमध्ये नाहीतर कोतवाल बुकात. आणि ज्याच्या पणजोबाला शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्याने कोणता दाखला आणावा? जुना अन्याय असा चौथ्या पिढीच्या दाराशी येऊन उभा राहतो.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांचा करार केला. जन्मताच नाव मिळण्याचा आणि आपली ओळख जपण्याचा हक्क प्रत्येक बालकाला त्यात दिला आहे. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्याला आणि मानसिक त्रास देण्यालाही मनाई केली. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावामागे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लागते. रजिस्टराच्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या त्या आजीला हे पाहून समाधान वाटले असते.

धम्मबांधवहो, आपलीही थोडी झडती घेऊ या. शहरात गेल्यावर आडनाव दडवायला आपण लेकरांना शिकवत नाही ना? जुन्या नावांची लाज वाटून घरातले कागद फेकून देत नाही ना? आमची एवढीच सूचना आहे. येत्या वर्षावासात प्रत्येक घराने आजोबा-पणजोबांच्या दाखल्याची एक नक्कल विहारात आणून द्यावी. उकंडाची नोंद आणि सिद्धार्थची नोंद एकाच फायलीत राहू द्या. मधले अंतर किती कष्टाने तोडले गेले, ते आपल्या नातवंडांना तिथेच वाचता येईल.